पेल एलमधलं स्वयंपाकघर

माझे मामा आयुष्यात कधी दारूच्या वाटेला गेले नाहीत, आणि गेली चार वर्षं दर गुरुवारी सकाळी साडेदहाला ते बिअर चाखायला बसतात. ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. मी ती ज्याला ज्याला सांगितली, त्यानं डोळे बारीक करून ‘म्हणजे पितात’ असा निकाल लावला. पीत नाहीत. चाखतात. एक घोट घेतात आणि उरलेला ग्लास मोरीत ओततात. ओतताना त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही दुःख नसतं. हे पाहून बाकीच्यांना जे दुःख होतं तेवढं पुरे असतं.

त्याआधी एकतीस वर्षं मामा पाणीपुरवठा खात्याच्या प्रयोगशाळेत होते. शहराच्या नऊ टाक्यांचं पाणी रोज सकाळी नऊ भांड्यांत येई आणि मामा ते चाखत. यंत्रं होती, पण यंत्राला जे कळत नाही ते जिभेला कळतं असं खात्याचं मत होतं, आणि खात्याची जीभ म्हणजे मामा. समोर एक छापील तक्ता असे. रंग, वास, चव असे तीन रकाने, आणि तिन्हींत रोज एकच शब्द भरायचा: नाही. नऊ टाक्या गुणिले तीन, म्हणजे रोज सत्तावीस वेळा नाही. मामीचं म्हणणं असं की म्हणूनच घरात काहीही विचारलं तरी यांच्या तोंडून पहिल्यांदा तेच बाहेर पडतं.

एकतीस वर्षांत त्यांनी ‘आहे’ लिहिलं ते फक्त सहा वेळा. त्यातली एक वेळ खात्यात अजून सांगतात. चार नंबरच्या टाकीच्या पाण्याला मामांनी ‘चव’च्या रकान्यात लिहिलं होतं: ‘ओल्या छत्रीसारखी.’ साहेबांनी तक्ता परत पाठवला, नीट शब्द वापरा म्हणून. मामांनी परत तेच लिहिलं. शेवटी वैतागून एका माणसाला टाकीवर चढवलं, तर झाकण सरकलेलं होतं आणि आत कुजक्या पानांचा थर होता. तेव्हापासून मामांचे शब्द कुणी परत पाठवले नाहीत. पुढे जे झालं त्याचं मूळ इथेच आहे असं मला वाटतं. त्यांच्या बोलण्यावर सगळे विश्वास ठेवायचे. कुणी समजून मात्र घ्यायचं नाही.

मामा निवृत्त झाले त्याच वर्षी मास्तर त्यांच्याकडे आले. मास्तर म्हणजे ब्रुअरीचे मालक. आधी वीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. मुलांच्या डोक्यात काही उतरेना, तेव्हा त्यांनी पिंपात काहीतरी उतरवून पाहायचं ठरवलं. एक बंद पडलेली लॉन्ड्री त्यांनी भाड्यानं घेतली. तिथली फरशी उताराची होती, मोऱ्या मोठ्या होत्या, वाफेची सवय भिंतींना होती. बिअर करायला याहून बरी जागा मिळाली नसती. त्यांना हवं होतं पाणी. पेल एल नावाची जी फिकट सोनेरी, कडवट बिअर त्यांना करायची होती, तिची अर्धी गंमत पाण्यात असते म्हणे. मामांनी एका दमात सांगितलं, सात नंबरच्या टाकीच्या भागातलं घ्या, ते थोडं जड आहे, कडू चव त्यात पसरत नाही, उभी राहते. योगायोगानं लॉन्ड्री सात नंबरवरच होती.

महिन्यानं मास्तर पहिल्या बॅचचा ग्लास घेऊन घरी आले. नुसता वास घ्या म्हणाले. मामांनी ग्लास नाकाशी नेला, डोळे मिटले, आणि गेले.

‘गेले’ हा आमच्याकडचा शब्द आहे. नवीन माणूस दचकतो. ‘मामा कुठायत?’ ‘मामा गेलेत.’ पण दुसरा शब्द सापडत नाही. माणूस खुर्चीत असतो, श्वास चालू असतो, हातातला ग्लास तिरपा होत नाही. आणि तरी खुर्ची रिकामी असल्यासारखी वाटते. उन्हात झोपलेल्या मांजराचे कान जसे स्वतःहून हलतात तशा त्यांच्या भुवया मधूनमधून हलतात. मग ते परत येतात आणि कुठे जाऊन आलो ते सांगतात. त्यांना वास ‘फुलांचा’ किंवा ‘फळांचा’ असा येतच नाही. त्यांना जागा येते.

मास्तरांनी त्यांना तिथल्या तिथे चाखणारा म्हणून नेमलं. मामीचं मत विचारलं नव्हतं, तरी मिळालं. ती म्हणाली, “एकतीस वर्षं पाणी प्यायचा पगार घेतलात. आता पेन्शनीत बिअर. चांगली बढती आहे.”

चाखायची खोली म्हणजे लॉन्ड्रीची जुनी इस्त्रीची खोली. उंच खिडक्या, आणि एक लांबलचक टेबल, ज्याच्या जाड कापडावर कुण्या विसराळू माणसाच्या इस्त्रीचा तपकिरी ठसा अजून आहे. त्या ठशाच्या शेजारी मामांची खुर्ची. गुरुवारी सकाळी मामा दातांना पेस्ट लावत नाहीत, साबण लावत नाहीत, चहा घेत नाहीत, कोरड्या पावाचा एक तुकडा खाऊन निघतात. मामीला त्या दिवशी केसांना तेल लावायची बंदी. ती म्हणते, सवत आणली असती तर निदान तेल तरी लावू दिलं असतं.

ग्लास येतात ते बशीनं झाकून. मामा एकेक ग्लास खिडकीकडे धरतात. पलीकडचं झाड दिसलं पाहिजे, पण पानं मोजता येता कामा नयेत. इतपत गढूळ चालते. मग बशी सरकवून तीन छोटे श्वास. मग एक घोट, आणि तो गिळायचाच, कारण कडूपणा जिभेच्या मुळाशी बसतो, थुंकणाऱ्याला तो भेटत नाही. मग कोमट पाणी. मग कार्ड.

या कार्डांसाठी मी तिथे जायचो. मी शेजारच्याच छापखान्यात लेबलं जुळवतो, आणि मास्तरांच्या बाटल्यांची मागची लेबलं माझ्याकडे होती. मामा कार्डावर जे लिहीत तेच थोडं कापून-छाटून मी बाटलीमागे छापायचो. एका काळ्या बिअरचं कार्ड होतं: ‘न्हाव्याचं दुकान, दुपार, गिऱ्हाईक नाही. न्हावी झोपलाय, कात्रीवर ऊन.’ दुसऱ्या एका गव्हाच्या बिअरचं: ‘शाळेचा वर्ग. मागच्या बाकावर कुणीतरी संत्रं सोललंय. बाई अजून आल्या नाहीत.’ लोक लेबलं वाचायला बाटल्या घ्यायचे, असं मी म्हणतो. मास्तर तसं म्हणत नाहीत.

मास्तरांनी मात्र या चित्रांचं हळूहळू रसायनशास्त्र करून घेतलं होतं. ‘पाहुणे उठायचं नाव घेत नाहीत’ असं कार्डावर आलं, की कडूपणा रेंगाळतोय, पुढच्या वेळी हॉप्सची कडू फुलं कमी. ‘खिडकी बंद आहे’ आलं, की वास मोकळा नाही. ‘ओला बूट’ आलं, की ती बॅच सरळ मोरीत. शिक्षकाला उत्तरपत्रिकेतलं कसलंही अक्षर लागतं, तसं त्यांना मामा लागू लागले.

पेल एलचं कार्ड मात्र पहिल्या दिवसापासून एकच. महिन्याला एक बॅच, चार वर्षांत सेहेचाळीस बॅचेस, आणि सेहेचाळीस कार्डांवर इकडेतिकडे शब्द हलवून एकच मजकूर: ‘आईचं स्वयंपाकघर. पूर्वेची खिडकी. ओट्यावर संत्र्याची साल. गरम टोस्टवर लोणी वितळतंय. आई पाठमोरी.’

ही आई म्हणजे माझी आजी. मी तिला पाहिलेलं नाही. घरात तिचा एकच फोटो आहे, आणि त्यात उन्हामुळे तिनं चेहरा असा काही आक्रसलाय की कुणालाही ती आपली आजी वाटू शकते किंवा कुणालाच नाही. पेल एलला मामा सगळ्यात जास्त वेळ जायचे. मास्तरांनी एकदा घड्याळ लावलं होतं, पन्नास सेकंद. परत आल्यावर ते काही बोलायच्या आधी थोडा वेळ टेबलावरचा तो इस्त्रीचा ठसा बोटानं गिरवत बसायचे. मग कार्ड लिहून खाली सही करायचे आणि म्हणायचे, उत्तम आहे, भरा.

मास्तरांनी भरली. मी छापली. ‘गरम टोस्टवर लोणी वितळतंय’ हे तर मी मोठ्या टायपात घेतलं होतं.

या वर्षी मास्तरांनी धीर करून पेल एल परीक्षेला पाठवली. छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअर एकत्र करून, नावं झाकून, जाणकार लोक त्यांना गुण देतात, तसली ती परीक्षा. आयुष्यभर दुसऱ्यांना गुण देणारा माणूस आपल्या निकालाची वाट पाहू लागला की कसा दिसतो हे मला तेव्हा कळलं. ते दिवसातून तीनदा टपालाच्या पेटीत हात घालून बघायचे.

पन्नासपैकी सत्तावीस आले. खाली तीन परीक्षकांनी तीन वेगळ्या अक्षरांत जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं: ‘लोण्याचा ठळक वास. दोष. टाकीतून घाईनं काढलेली.’

तो कागद घेऊन मास्तर मामांच्या घरी आले तेव्हा मी तिथेच होतो. मामांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. मग म्हणाले की लोणी तर आहेच, मी पहिल्या दिवसापासून लिहितोय. ‘दोष’ हा शब्द मात्र त्यांच्या डोळ्यांना दिसत होता आणि डोक्यात शिरत नव्हता. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आपल्या नाकाला रोज जे भेटतं ते कार्टं आहे असं कोण म्हणेल? आणि मास्तरांची अवस्था त्याहून वाईट. त्यांनी सेहेचाळीस कार्डांवर ‘लोणी’ वाचलं होतं. ‘पाहुणे’ म्हणजे कडूपणा हे त्यांना कळलं, ‘खिडकी’ कळली, ‘बूट’ कळला. लोणी म्हणजे लोणी, हे तेवढं कळलं नाही. त्यांना वाटलं, आईची माया वगैरे असेल. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं मी म्हणणार होतो, पण मोठा टायप आठवला आणि गप्प बसलो. दोष आम्ही बाटलीमागे छापून विकत होतो.

“पण तुम्हाला वास आला नाही का?” मामांनी विचारलं.

मास्तरांनी खिशातून एक छोटी कुपी काढून टेबलावर ठेवली. ते म्हणाले की आज सकाळी आपल्या जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेत गेलो होतो. बिअरमध्ये लोण्याचा वास आणणारा जो पदार्थ असतो तो हा, पाण्यात एक थेंब टाकलेला. कुपी नाकाशी धरली, तर काही नाही. नळाचं पाणी. शिपायाला हुंगायला दिली, तर तो म्हणाला, सर, सिनेमाच्या मध्यंतरासारखा वास येतोय, कुणी पॉपकॉर्न आणलेत का. काही माणसांना हा एकच वास जन्मभर येत नाही, असं मास्तरांनी पुस्तकात वाचलं होतं. त्यातले एक आपणच आहोत हे पन्नाशीला कळलं. “शाळेत मी दर वर्षी मुलांना सांगायचो,” ते म्हणाले, “उपकरण आधी तपासा, मग प्रयोग करा.”

मामांनी कुपीचं बूच काढलं. तीन छोटे श्वास. आणि बसल्या जागी, स्वतःच्या घरात, मागे धुवायचे कपडे पडलेले असताना, गेले.

आम्ही वाट पाहिली. मामी चहाचे कप घेऊन दारात उभी राहिली होती. मामा परत आले तेव्हा त्यांनी फक्त “आई” एवढंच म्हटलं, हाक मारल्यासारखं नाही, एखाद्या स्टेशनचं नाव वाचल्यासारखं. मग सगळं सांगितलं. पूर्वेची खिडकी, ओटा, टोस्ट, त्यावर लोणी.

मामीनं कप ठेवले. “त्या स्वयंपाकघरात मी अकरा वर्षं राबलेय,” ती म्हणाली. “सासूबाईंनी लोणी कधी घरात आणलं नाही. परवडायचं नाही. पिवळा डबा असायचा, मार्गरिनचा, तेलाचं खोटं लोणी. डब्यावर गाय होती, आत गाय नव्हती.”

मामा तिच्याकडे पाहत राहिले. मार्गरिन नव्हतं, लोणी होतं, असं ते म्हणाले, पण जरा हळू आवाजात. मामी म्हणाली, तो डबा रिकामा झाल्यावर मी त्यात बटणं ठेवायची, तुमच्या शर्टांचीच. 

पण मास्तर खुर्चीत पुढे सरकले होते. वीस वर्षांच्या नोकरीत वर्गात एखाद्या मुलानं न शिकवता बरोबर उत्तर दिलं असेल, तर त्यांचा चेहरा तेव्हा असाच झाला असेल. ते म्हणाले की मार्गरिनला स्वतःचा वासच नसतो. त्याला लोण्याचा वास यावा म्हणून कारखान्यात त्यात एक पदार्थ घालायचे. त्यांनी टेबलावरच्या कुपीकडे बोट दाखवलं. “हाच. मामा, तुमच्या आईच्या टोस्टवर जे होतं ते आणि माझ्या टाकीत जे राहिलं ते, दोन्ही एकच. तुमचं नाक तसूभरही चुकलेलं नाही.”

“नाक नाही चुकलं,” मामा म्हणाले. “माणूस चुकला.”

उपाय सोपा होता, हेच मनाला जास्त लागलं. हा पदार्थ यीस्टच तयार करतं आणि सवड दिली तर यीस्टच तो परत खाऊन टाकतं. शेवटचे तीन दिवस टाकी थोडी कोमट ठेवायची आणि हात लावायचा नाही, इतकंच. मास्तर चार वर्षं ते तीन दिवस आधीच बिअर थंड करत आले होते. त्यांनी सत्तेचाळिसाव्या बॅचला ते तीन दिवस दिले.

मधल्या आठवड्यांतली गोष्ट. एके संध्याकाळी आम्ही दोघं चालत घरी येत होतो. मामांबरोबर चालणं म्हणजे डोळे बांधून शहर पाहणं. हा लाकडाचा कारखाना, आज सागाचं काम नाही. हे दोन बहिणींचं घर, धाकटी आजारी आहे, औषध बदललंय. हा शिंपी, इस्त्री जास्त तापलीय. गल्लीच्या वळणावर ते थांबले. मला म्हणाले, तुझ्या आजीचा फोटो आहे, त्यात ती फोटोतल्यासारखी दिसते. तिथे ती पाठमोरी असते, पण तीच असते. पदर खोचलेला असतो. मान अशी. पन्नास सेकंद मी दारात उभा असतो, आणि दर वेळी वाटतं, आता वळेल.

मी विचारलं, मग?

“मग घोट संपतो,” मामा म्हणाले आणि चालायला लागले.

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं, आणि दिसायला नको होतं असंही वाटलं. मास्तरांना तो वास येत नाही. माझं नाक फक्त चष्मा टेकवायला आहे. कामगारांना सगळ्या बिअर सारख्याच आवडतात. म्हणजे त्या इमारतीत जुनी आणि नवी बिअर ओळखू शकणारा माणूस एकच, आणि स्वयंपाकघराची किल्लीही त्याच्याच हातात. मामांनी नुसतं म्हटलं असतं, ‘नवी बिघडली, जुनीच बरी, परीक्षकांना सर्दी झाली असेल’, तर मास्तरांनी मान डोलावून पुढची छप्पन्न वर्षं तशीच भरली असती. मामांना हे ठाऊक होतं. नाकासमोर चालणारा माणूस म्हणून त्यांची ख्याती. पण नाक असं एखाद्या दारासमोर आणून उभं करेल, हे त्यांनाही वाटलं नसेल.

तो गुरुवार आला. मामांनी स्वतःच मास्तरांना सांगितलं होतं की मला काही सांगू नका, तिढ्याची परीक्षा घ्या. तिढा म्हणजे तीन ग्लास: दोन एकाच बिअरचे, एक दुसरीचा. वेगळा कुठला ते ओळखायचं. तेवढं जमलं तरच पुढे बोलायचं. मास्तरांनी पलीकडच्या खोलीत ग्लास भरले, त्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या लावल्या, बशा झाकल्या आणि ट्रे आणून ठेवला. चारशे अठरा, दोनशे त्र्याहत्तर, नऊशे छप्पन्न. खिडकीतून इतकं ऊन येत होतं की तिन्ही ग्लास टेबलावर ठेवलेल्या दिव्यांसारखे दिसत होते, आणि इस्त्रीच्या ठशावर त्यांचे तीन सोनेरी डाग हलत होते.

मामांनी पहिल्याची बशी सरकवली. तीन श्वास, एक घोट. गेले. भुवया हलल्या. परत आले, कोमट पाणी घेतलं.

दुसरा. तीन श्वास, एक घोट. मामा जागेवरच होते. डोळे मिटलेले, पण खुर्ची भरलेली. त्यांनी पुन्हा हुंगलं. असा माणूस मी एकदा पाहिला होता, ओळखीच्या घराची बेल दाबून उभा राहिलेला, आतून काही आवाज येतोय का ते ऐकणारा.

तिसरा. गेले.

परत आल्यावर म्हणाले, “मधला वेगळा.”

मास्तरांनी मान हलवली. बरोबर होतं. मग त्यांनी, परीक्षेच्या हॉलमध्ये बोलावं तशा आवाजात, विचारलं की यातली भरायची कुठली.

मामा खिडकीबाहेरचं झाड पाहत बसले. वाऱ्यानं त्याची सावली टेबलावर येत होती, जात होती. बाहेर कुणीतरी रिकामी पिंपं गडगडवत नेत होतं. तो आवाज लांब गेला, संपला, तरी मामा तिकडेच पाहत होते. मास्तरांनी दोनदा घसा साफ केला. मी टेबलाखाली चप्पल काढली आणि परत घातली. मला खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांनी खोटं बोलावं असं वाटत होतं. सत्तावीस गुण काही वाईट नसतात. शाळेत मला तेवढ्यावर पास केलंय.

मामांनी मधला ग्लास पुन्हा ओढला. या वेळी श्वास नाही, सरळ घोट. तो त्यांनी तोंडात फिरवला, गिळला, आणि कार्ड पुढे घेतलं. त्यांनी लिहायला सुरुवात केली तेव्हा मला वाटलं नेहमीसारखं चित्र येईल. पण त्यांनी आधी पट्टी मागितली आणि रेघा मारल्या. रकाने पाडले. पाणीपुरवठा खात्याचा तक्ता, एकतीस वर्षं हाताखालून गेलेला, आपोआप कागदावर उतरला.

रंग: ठीक.
संत्रं: आहे, ताजं.
कडूपणा: येतो, नमस्कार करतो, जातो.
लोणी: नाही.

पेन थोडं थांबलं. मग खाली, रकान्यांच्या बाहेर, बारीक अक्षरात: ‘स्वयंपाकघर रिकामं. ओटा पुसलेला. खिडकी उघडी.’ आणि सही.

मास्तर आता शहाणे झाले होते, एकही शब्द सोडायला तयार नव्हते. त्यांनी ‘रिकामं’वर बोट ठेवून विचारलं की यात काही कमी आहे का, अजून काही घालायला हवं का.

“कमी काही नाही, मास्तर,” मामा म्हणाले. “स्वच्छ आहे. हीच भरा.”

मास्तरांनी कार्ड दोन्ही हातांत धरलं. आभार वगैरे मानायचं त्यांच्या मनात असावं, पण शिक्षकांना ते जमत नाही. त्यांनी कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. मग ट्रे उचलायला हात पुढे केला. उरलेली बिअर मोरीत ओतायची, ही आमची पद्धत.

मामांनी नऊशे छप्पन्न नंबरच्या ग्लासावर तळहात ठेवला.

“ही ओतायचीच आहे ना?” त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले की हो, जुनीच आहे.

मामांनी खुर्ची वळवून खिडकीकडे केली, ग्लास उचलला, आणि एकतीस वर्षं पाणी व चार वर्षं एकेक घोट घेतलेल्या त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा अख्खा ग्लास प्यायला घेतला. सावकाश. घोटामागून घोट, मध्ये पाणी नाही, पाव नाही. दुसऱ्या घोटाला ते गेले. आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसत होती, मान जराशी खाली, आणि खांद्यांवर ऊन. मास्तरांनी सवयीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि मग काढून खिशात ठेवलं. मीही काही मोजलं नाही. बाहेरच्या झाडाची सावली टेबलावरून सरकून माझ्या हातावर आली, तेवढा वेळ झाला असेल.

ग्लास टेकल्याचा आवाज झाला. मामा वळले. त्यांचे कान लाल झाले होते आणि नाकावर फेसाचा ठिपका होता; मामीनं पाहिलं असतं तर पुढचे दोन महिने आम्हाला पुरलं असतं. आजी वळली का, हे विचारायचा मला धीर झाला नाही. मामांनीच मान हलवली. त्या तक्त्यातली, सवयीची: नाही.

मग ते हसले.

“पण या वेळी ओट्याकडे नीट पाहिलं,” ते म्हणाले. “पिवळा डबा आहे. त्यावर गाय आहे.”